शायलूबेक हरायला बसतो

कराकोल शहरात आमच्या गल्लीत शायलूबेकला सगळे 'खान' म्हणतात. म्हणतात ते थट्टेनेच, पण तो ती पदवी समजून घेतो, त्यामुळे थट्टा करणाऱ्याचीच पंचाईत होते. शायलू म्हणजे आमच्या भाषेत निवडणूक. तो जन्मला त्या दिवशी मतदान होतं आणि बापाने मत देऊन घरी येता येता नाव ठरवून टाकलं. एवढं नाव मिळूनही बिचाऱ्याने कधी गल्लीच्या कमिटीचीसुद्धा निवडणूक लढवली नाही. उभा जन्म बिश्केकच्या रस्त्यावर बस चालवण्यात गेला. मग कंबर गेली, पेन्शन आलं, आणि खान घरी बसले.

घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. झुराकानने शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेला. तिचा आवाज अख्ख्या जेवणघराला पुरेल असा. ती दोन महिने त्याला "हे हलवू नका, ते उघडू नका" म्हणत राहिली. शेवटी, रशियात कामाला गेलेल्या मुलाने मागे टाकलेला लॅपटॉप तिने कपाटातून काढला, त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "हे घ्या. याच्याशी काय ते भांडा."

लॅपटॉप जुनाच. बॅटरी कधीचीच मेलेली, वायर काढली की जागच्या जागी बंद पडायचा. माउस फिरवायला झुराकानची शेवया कापायची फळी. पण त्यात मुलाने टाकलेला एक खेळ होता आणि त्या खेळाने शायलूबेकला पार कामाला लावलं. एक मोठा नकाशा, त्यावर शहरं, डोंगर, सोन्याच्या खाणी. आपली फौज एक चाल पुढे न्यायची, मग समोरच्याने त्याची चाल करायची. घाई कसली ती नाही, विचाराला हवा तेवढा वेळ. जन्मभर ज्याने पाठीमागून हॉर्न ऐकले, त्याला हे भलतंच मानवलं.

मात्र खेळायचा तो आपल्या पद्धतीने. त्याच्या फौजेत नुसते घोडेस्वार. पायदळ त्याला बघवत नसे. "चालत जायचं लढाईला? ते काय पोस्टमन आहेत?" शहराला तटबंदी बांधा, असं खेळ सारखा सुचवायचा, हा नाही म्हणायचा. भिंतीआड दडून बसायला आपण काय कोंबड्या आहोत? नकाशावर बर्फ पडलं की हा अख्खं घोडदळ खालच्या कुरणात आणायचा. खेळात घोड्यांना गवत लागत नाही, थंडी वाजत नाही, हे त्याला मुलाने फोनवर दोनदा समजावलं. त्यावर त्याचं म्हणणं, "तुला काय कळतंय, तू मॉस्कोत राहतोस."

आणि शत्रूचा दूत आला तर विचारूच नका. कॉम्प्युटरने चालवलेलं एखादं राज्य आपला दूत पाठवून सोनं मागायचं. चांगला खेळणारा अशा दूताला हाकलून देतो. शायलूबेक पेटी उघडायचा.

"अहो, तो कॉम्प्युटर आहे," झुराकान म्हणायची.

"असेल. पण दारात आलाय ना? रिकाम्या हाताने कसा पाठवू?"

एवढा दिलदार माणूस लढाई सुरू झाली की मात्र दगड व्हायचा. हरणं त्याला पचतच नसे, आणि मुद्दाम हरणं म्हणजे त्याच्या मते चोरी. त्याची मुलगी बेगिमाय लहान असताना बापलेक लाकडी पाटावर खड्यांचा खेळ खेळायचे. पोरगी रोज हरायची, रोज रडायची. दुसरा बाप असता तर एखाद्या दिवशी चुकल्यासारखं करून पोरीला हसवलं असतं. हा म्हणायचा, "रड, पण खड्यांवरची नजर काढू नकोस." बेगिमाय रडत रडत खेळायला शिकली आणि तेराव्या वर्षी तिने बापाला हरवलं. त्या दिवशी शायलूबेक गल्लीभर सांगत फिरला, आणि रात्री जेवला नाही.

या बेगिमायचं गेल्या वर्षी लग्न झालं. बिश्केकला ती जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती, शेवटचं एक वर्ष राहिलं होतं. नवरा एल्दियार खाणीवर पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळ्या करणारा, शांत, बापाच्या शब्दाबाहेर नसलेला मुलगा. त्याचा बाप म्हणजे रिस्केल्दी. किझिल-सू गावाच्या वर त्याचे घोडे, मेंढरं, मोठा पसारा. लग्नाच्या जेवणात शे-दीडशे माणसांसमोर पेला उचलून रिस्केल्दी म्हणाला होता, "पोरगी शिकेल. माझा शब्द." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सासूचा पाय मोडला, मग पोरीला दिवस गेले, मग वसंतात बाळ झालं. कॉलेजाने वर्षाची सुट्टी दिली होती. ती आता ऑगस्टअखेर संपत होती. सप्टेंबर उजाडला आणि पोरगी वर्गात दिसली नाही की नाव कायमचं कटलं, असा तिथला कायदा.

आणि इकडे दोन्ही घरांत या विषयाचा कोणी उच्चार करेना.

विचारायचं कसं, हाच तर प्रश्न होता. मुलीच्या सासऱ्याला, म्हणजे कुदाला, त्याच्या शब्दाची आठवण करून देणं म्हणजे तू विसरलास असं तोंडावर सांगणं. आमच्याकडे माणूस भावाशी भांडेल, साहेबाशी भांडेल, पण कुदापुढे त्याचा आवाज आपोआप मऊ होतो. शायलूबेक तर त्या बाबतीत दोन पावलं पुढेच.

तसे हे व्याही भेटायचे मात्र दर रविवारी. रविवारी पहाटे कराकोलला जनावरांचा बाजार भरतो. रिस्केल्दी मेंढरं घेऊन यायचा, दहापर्यंत बाजार आटोपायचा आणि मग व्याह्यांकडे चहाला. पहिल्याच खेपेला त्याला लॅपटॉप दिसला. "हे काय?" म्हणाला. शायलूबेकने दाखवलं. त्या दिवशी चहाला आलेला माणूस संध्याकाळचं जेवून गेला, आणि तेव्हापासून दोघांचं युद्ध जुंपलं ते जुंपलंच.

आता लॅपटॉप एक आणि खेळणारे दोन. एकाची चाल चालू असताना दुसऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही. इथे आली अडचण. व्याह्याला 'जरा भिंतीकडे तोंड करा' असं कोण सांगणार? ज्याला दारापासून लांब, सगळ्यात आतल्या मानाच्या जागी बसवायचं, त्याला उठवून बाहेर कसं पाठवायचं? शेवटी कोणी न ठरवता असं ठरलं, की पाहुण्यांची चाल असली की यजमानाने अंगणात जायचं, आणि यजमानाची असली की पाहुण्यांनी उशीला टेकून डोळे मिटायचे. त्यामुळे शायलूबेक दर रविवारी स्वतःच्याच घरातून इतक्या वेळा बाहेर पडे, की शेजारणीला वाटे नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय. आणि रिस्केल्दी पहाटेपासून बाजारात उभा राहिलेला. एकदा मिटलेले डोळे लवकर उघडत नसत. तो घोरायला लागला की शायलूबेक चाल संपवून मुकाट्याने चहा पीत बसे. झोपलेल्या व्याह्याला उठवणं सभ्यतेत बसत नाही.

ऑगस्टचा शेवटचा रविवार आला. आदल्या दिवशी झुराकानने कणीक मळता मळता नवऱ्याला गाठलं.

"उद्या बोलायचंय. उद्या नाही तर कधीच नाही."

"बोलेन ना."

"गेल्या रविवारीही हेच म्हणालात. आणि बोललात काय? 'कुदा, तुमचा डावीकडचा तिरंदाज छान आहे.'"

"विषय निघाला होता तिरंदाजांचा."

"ऐका माझं." तिने हात झटकले. "तुम्ही हरा."

"काय करू?"

"हरा. व्याही जिंकले की लोण्यासारखे होतात. जूनमध्ये जिंकले तेव्हा जाताना शेजारच्या पोरांना गाडीतून कोकरू काढून दिलं. जिंकले की तेव्हाच विचारा. बाळाला सांभाळायला मी जाते तिच्याबरोबर बिश्केकला. तुम्ही इथे राहा तुमच्या घोडदळाच्या हातचं जेवत."

शायलूबेक हादरला. हे युद्ध त्याने जवळजवळ जिंकलं होतं. त्याचं घोडदळ व्याह्यांच्या राजधानीच्या दारात उभं होतं, आणखी दोन चालींत काम फत्ते होणार होतं. तो आठवडाभर त्याच विचाराने गालात हसत होता.

"दुसरा काही उपाय नाही का?" त्याने विचारलं.

"आहे की. सरळ तोंडाने विचारा."

त्याने लॅपटॉपकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "हरतो."

रविवारी रिस्केल्दी आला. जुन्या ऑडीच्या मागच्या सीटवर बेगिमाय आणि बाळ, पुढे ताज्या कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा डबा. माहेरच्या दारात पाऊल टाकूनही बेगिमाय माहेरवाशीण होऊ शकत नव्हती, कारण सासरे सोबत होते. डोक्याला रुमाल, नजर खाली, सासऱ्याला पाठ दिसणार नाही अशी चाल. तिने बाळ आईच्या हातात दिलं आणि चहाच्या सामोवारापाशी, दाराजवळच्या सुनेच्या जागेवर बसली. दोन्ही म्हाताऱ्यांना चहा ओतू लागली, अर्धा अर्धा पेला, जसा ओततात तसा. पेला अर्धाच भरायचा म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागता येतो आणि पाहुणा बसून राहतो.

शायलूबेकने एकदा मुलीकडे पाहिलं. ती बारीक झाली होती. मग त्याने लॅपटॉप उघडला.

"तुमची चाल, कुदा," रिस्केल्दी म्हणाला आणि टोपी नाकावर ओढून उशीला टेकला.

शायलूबेकने जड हाताने राजधानीच्या दारातून घोडदळ मागे घेतलं. एकेक तुकडी मागे फिरवताना त्याला प्रत्येक घोड्याची माफी मागावीशी वाटत होती. चाल संपवून तो अंगणात गेला आणि जर्दाळूच्या झाडाखाली उभा राहिला. आता व्याही मागे लागतील, दोन तुकड्या कापतील, खूश होतील. तासाभराचं काम.

आत बोलावणं आलं. रिस्केल्दी पडद्याकडे बोट दाखवून हसत होता. त्याने पाठलाग केलाच नव्हता. उलट आपली फौज आणखी आत ओढली होती.

"कुदा, तुम्ही मला काय समजलात?" तो म्हणाला. "पळाल्याचं नाटक करायचं, शत्रू मागे धावला की गर्रकन वळायचं! अहो, आपल्या बापजाद्यांनी अख्खा आशिया याच एका चालीवर हिंडून काढला. आणि ती मलाच दाखवता? मी नाही येत जा."

"नाटक नाही हो..." शायलूबेकच्या तोंडून निघता निघता राहिलं.

मग त्याने स्वतःची राजधानी मोकळी केली. एक शिपाई ठेवला नाही, दार सताड उघडं. चाल संपवली, अंगणात गेला, परत आला. व्याह्यांनी आता डोंगरातल्या खिंडी बंद केल्या होत्या आणि ते सगळी फौज घरात कोंडून बसले होते.

"एवढं मोठं शहर रिकामं?" रिस्केल्दीने भुवई उंचावली. "कुदा, आज तुम्ही काहीतरी भयंकर शिजवलंय. माझ्या पाठीवर काटा आला."

शायलूबेकने सोन्याची खाण सोडून दिली. रिस्केल्दीने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. शायलूबेकने दुसरी खाण सोडली, तर रिस्केल्दीने उत्तरादाखल आपलीही एक सोडली. व्याह्यांनी काही दिलं तर आपणही द्यावं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. नकाशावर दोन बलाढ्य सैन्यं एकमेकांपासून जीव घेऊन पळत होती आणि मधली सगळी राज्यं मोकळी पडली होती.

झुराकान कणकेच्या तळलेल्या गरम बोरसोकांची परात घेऊन अंगणातून चालली होती. "काय, जमतंय का?"

"जमत नाही!" शायलूबेक कळवळून कुजबुजला. "फार अवघड आहे ग हे. ते जिंकतच नाहीत."

"सगळं जग रोज हरतं. तुम्हालाच कसं येत नाही?"

"हरायला समोरच्याने घ्यावं लागतं. ते घेतच नाहीत!"

शेवटी त्याने निकराची चाल केली. आपल्या सेनापतीला, जो खेळात शायलूबेक याच नावाने घोड्यावर बसलेला होता, त्याला एकट्याला, निःशस्त्र, व्याह्यांच्या सगळ्यात मोठ्या फौजेपुढे नेऊन उभं केलं. यातून सुटका नाही. एक क्लिक, की खान संपले. तो बाहेर जाऊन झाडाला टेकला आणि त्याला खरोखर वाईट वाटलं.

परत आला तर सेनापती तिथेच उभा, जिवंत. रिस्केल्दीची फौज बाजूला सरकली होती. रिस्केल्दीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एकटे आलात, कुदा," तो म्हणाला. "एकटा आला, हत्याराशिवाय आला, म्हणजे पाहुणा झाला. पाहुण्यावर हात उचलू? वाट मोकळी केलीय तुम्हाला. जिकडे जायचं तिकडे जा."

शायलूबेक धपकन खाली बसला. दुपार कलायला लागली होती. जेवण झालं, मेंढ्याचं डोकं व्याह्यांना मानाने दिलं गेलं, व्याह्यांनी त्यातला कान कापून यजमानाला दिला, पुन्हा चहा झाला, आणि मुख्य गोष्ट होती तिथेच. पुढची चाल रिस्केल्दीची. शायलूबेक पुन्हा झाडाखाली गेला, तेव्हा बेगिमाय बाळाला घेऊन मागोमाग आली.

"आके," ती बापाला म्हणाली, "तुम्ही हरताय."

"कुठे हरतोय? जमेल तर शपथ."

"मुद्दाम हरताय. मी सामोवारापाशी बसून सगळं बघतेय. राजधानी उघडी टाकलीत, खाणी टाकल्यात. लहानपणी मी नाक पुसत पुसत खेळायचे, तेव्हा एक खडा सोडला नव्हतात मला. आज कोणासाठी सोडताय?"

शायलूबेकने झाडाची साल सोलली. मग बाळाची टोपी सरळ केली. मग त्याला करण्यासारखं काही उरलं नाही.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "ते जिंकले की खुशीत येतील, मग मी विचारणार होतो. तुझ्या कॉलेजाचं."

बेगिमायने बाळ त्याच्याकडे दिलं, रुमाल घट्ट बांधला आणि आत गेली. शायलूबेक बाळाला घेऊन घाईघाईने तिच्या मागे. आत ती सामोवारापाशी बसली, सासऱ्याचा पेला उचलला आणि चहा ओतला. अर्ध्यावर थांबली नाही. काठोकाठ भरला. तो सासऱ्यापुढे ठेवला, मग बापाचा पेला घेतला, तोही काठोकाठ.

झुराकान परात हातात धरून जागीच थांबली. काठोकाठ भरलेला पेला पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. प्या आणि निघा.

रिस्केल्दी त्या पेल्याकडे बघत राहिला. "पोरी," तो सावकाश म्हणाला, "आम्हाला हाकलतेस का?"

"नाही, अताके." तिची नजर खालीच होती, पण आवाज खाली नव्हता. "वेळ भरत आली, एवढंच."

शायलूबेकला कळलं की आता इथून मागे सरकायला जागा नाही. त्याने बाळ छातीशी धरलं, जणू तेच त्याला सांभाळणार होतं, आणि बोलला.

"कुदा, मी सकाळपासून हरतोय. म्हणजे हरायचा प्रयत्न करतोय. तुम्ही जिंकलात की मी विचारणार होतो... पोरीचं शेवटचं वर्ष राहिलंय. या आठवड्यात ती बिश्केकला गेली नाही तर नाव कटेल. तुम्हाला आठवण करून द्यायची माझी छाती झाली नाही. झालं, बोललो."

रिस्केल्दी उशी सोडून ताठ बसला. "म्हणजे तुम्ही मला जिंकू देत होतात?"

"देत होतो. तुम्ही घेत नव्हता."

"आणि जूनमधलं?"

"ते खरं. ते तुम्ही चोख मारलंत. मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो."

"रोटीची शपथ?"

शायलूबेकने पुढ्यात अंथरलेल्या दस्तरखानावरच्या रोटीला हात लावला. "रोटीची शपथ."

रिस्केल्दीचा जीव जरा भांड्यात पडला. मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय तो एकदम म्हातारा दिसला.

"माझ्या लक्षात नाही असं वाटलं तुम्हाला?" तो म्हणाला. "दीडशे माणसांत शब्द दिला मी. बायकोचा पाय बरा झाला तेव्हापासून वाट बघतोय, तुम्ही कधी विषय काढता. तुम्ही काढेनात. म्हटलं, बापाच्याच मनात नसेल आता. पोरीला घरात ठेवावं असं वाटत असेल. मीच उठून 'हिला पाठवा' म्हटलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, सून जड झाली यांना. मागचे दोन रविवार तर माझ्याकडे विकायला मेंढरू नव्हतं, कुदा. तरी आलो. म्हटलं आज बोलतील."

"मीही म्हटलं, आज बोलतील," शायलूबेक म्हणाला.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर हळूहळू एक सुटकेचं हसू यायला लागलं. केवढा गोड गैरसमज, असं काहीतरी दोघांच्या ओठांवर होतं.

"हसू नका," बेगिमाय म्हणाली.

हसू थांबलं. तिने मान वर केली होती. आज पहिल्यांदाच ती सासऱ्यासमोर मान वर करून बसली होती, आणि तिचे डोळे भरलेले होते.

"तुम्ही दोघं दारात उभे राहून 'कुदा तुम्ही आधी, कुदा तुम्ही आधी' करत राहिलात. हिवाळाभर, उन्हाळाभर. आणि त्या दाराच्या मागे मी उभी होते, आके. मला वाटलं, तुम्हा दोघांनाही मी शिकायला नको आहे. मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. मला कोणी एकानेही विचारलं नाही, बेगिमाय, तुला जायचंय का."

शायलूबेकने जन्मात पुष्कळ लढाया जिंकल्या होत्या, आणि हे वाक्य ऐकताना त्यातली एकही त्याच्या कामाला आली नाही. व्याह्यांचा मान, व्याह्यांचा मान, करता करता त्याने आपल्या पोरीला वर्षभर ताटकळत ठेवलं होतं. तिची माळ्यावर टाकलेली पुस्तकं त्याला दिसली आणि त्याला अतिशय लाज वाटली.

"तुला जायचंय का?" त्याने विचारलं.

"जायचंय."

"बुधवारी गाडीने मीच सोडतो," रिस्केल्दी पटकन म्हणाला. "एल्दियारला मी सांगतो. बायकोला मी सांगतो. बाळाच्या दुधासाठी शेळी लागली तर—"

"बिश्केकच्या चौथ्या मजल्यावर शेळी कुठे बांधू?" झुराकान म्हणाली, आणि तिने परात खाली ठेवून डोळे पुसले.

मग सगळे सावरून बसले, कारण आता बाता द्यायचा होता. प्रवासाला निघणाऱ्यावर वडीलधारा माणूस उघडे तळहात धरून दोन शब्द बोलतो, सगळे 'ओमिन' म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवतात, आणि मग ती गोष्ट पक्की झाली. ती मागे घेता येत नाही. बेगिमायने बाळ आईकडे दिलं, बापासमोर आणि सासऱ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि दोन्ही तळहात उघडून पुढे धरले.

"द्या, कुदा," शायलूबेक म्हणाला. "तुम्ही पाहुणे."

"छे छे," रिस्केल्दी म्हणाला. "तुम्ही वयाने मोठे. तुम्ही द्या."

"पण तुमच्या घरची सून—"

"पण तुमच्या पोटची—"

बेगिमायचे हात तसेच उघडे होते, आणि ती दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

शायलूबेकने ते हात पाहिले. घोड्याच्या दावणीने घट्टे पडलेले, बोटांवर सांडलेल्या चहाचा ओलावा. त्याने व्याह्यांचं वाक्य अर्ध्यावर तोडलं. व्याह्यांचं वाक्य त्याने आजवर कधी तोडलं नव्हतं. त्याने आपले तळहात उघडले आणि बाता दिला. लोक लांबलचक देतात, आयुष्य मागतात, बरकत मागतात, वाडवडिलांची नावं घेतात. त्याला त्यातलं काही सुचलं नाही.

"जा, माझ्या शिंगरा," तो म्हणाला. "आम्ही दोघं म्हातारे तुझ्या वाटेतून बाजूला झालोय. ओमिन."

"ओमिन," रिस्केल्दी म्हणाला, आणि बराच वेळ त्याने चेहऱ्यावरचे हात काढले नाहीत.